कॉलेजची पोरं गावात येतात ती कशासाठी?



गेल्या हंगामात गव्हाणीत मोळी पडून थोडेच दिवस झाले होते. आम्ही गटऑफिसात बसलो असता एक सभासद आले. उसाची नोंद, तोडीची पाळी, हे नेहमीचे बोलणे झाले. उठता उठता त्यांनी खिशातून घडी केलेला एक कागद काढला आणि म्हणाले, "हे जरा वाचा. पोरीच्या कॉलेजातनं आलंय. सात दिवस शिबिराला पाठवा म्हणत्यात, ते बी पलीकडच्या खेड्यात. आता मला सांगा, खेड्यातली पोर परत खेड्यातच धाडायची, तर शिकायला कशाला घातली?"

प्रश्न साधा होता, पण आम्हांस पटकन उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर वाटले, हा प्रश्न त्या एकट्या गृहस्थांचा नाही. आपल्या कार्यक्षेत्रातील बहुतेक सभासदांची मुलेमुली आज महाविद्यालयात जातात. शिवाय दरवर्षी थंडीत कुठल्या ना कुठल्या गावी असे शिबिर पडलेले आपण पाहतो. टोप्या घातलेली पोरे सकाळी फेरी काढतात, खराटा चालवतात, देवळात संध्याकाळी नाटुकले करतात आणि सात दिवसांनी ट्रक भरून निघून जातात. हे सारे आहे तरी काय, कोणी व कशासाठी सुरू केले, आणि आपल्या गावाला व आपल्या मुलांना त्याचा उपयोग काय, हे नीट समजावून घ्यावे म्हणून हा लेख.

योजना आली कुठून?

या उपक्रमाचे नाव 'राष्ट्रीय सेवा योजना'. पोरे तिला 'एनएसएस' म्हणतात. ती २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. ते महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीचे वर्ष होते. त्या वेळचे केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी तिचा प्रारंभ केला. सुरुवातीला ३७ विद्यापीठे आणि ४० हजार विद्यार्थी तिच्यात होते.

परंतु कल्पना त्याहून जुनी. गांधीजी विद्यार्थ्यांना सांगत, की शिक्षण ही चैन नव्हे, समाजाच्या पैशावर तुम्ही शिकता, तेव्हा सुट्टीत खेड्यात जा, लोकांचे जिणे पाहा आणि हाताने काही करा. स्वातंत्र्यानंतर डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८–४९) विद्यार्थ्यांनी राष्ट्रीय सेवा करावी, पण ती स्वेच्छेने, अशी शिफारस केली.

पुढे १९५९ साली सरकारने या प्रश्नावर एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते आपल्या कोकणातल्या महाडजवळचे डॉ. चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतरचे अर्थमंत्री. देशमुख समितीचे म्हणणे मोठे कडक होते. शाळा संपवून कॉलेजात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक मुलाने आधी नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रीय सेवा केलीच पाहिजे; त्यात थोडे लष्करी शिक्षण, समाजसेवा, अंगमेहनत आणि सामान्य शिक्षण असावे, असे समितीने सुचविले. खर्च फार, आणि एवढ्या मुलांची व्यवस्था करणार कोण, या कारणांनी ती शिफारस मागे पडली. त्यानंतर प्रा. के. जी. सैयदैन यांनी निरनिराळ्या देशांतील पद्धती पाहून, सक्ती न करता स्वेच्छेने हे करावे, असा अभिप्राय दिला. कोठारी आयोगानेही (१९६४–६६) शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर समाजसेवा असावी असे म्हटले. एवढ्या चर्चेनंतर १९६९ साली योजना प्रत्यक्षात आली.

आपल्या साखर कारखानदारीचाही इथे एक दुवा आहे. चौथ्या पंचवार्षिक योजनेत नियोजन मंडळाने या कामासाठी ५ कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली. त्या वेळी नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष होते डॉ. धनंजयराव गाडगीळ. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष तेच. सहकाराचे पाणी ज्या झऱ्याचे, त्याच झऱ्याजवळ हेही रोप लागले, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

तासांचा हिशेब

आपण टनाचा आणि उताऱ्याचा हिशेब मागतो, तसा या योजनेचाही हिशेब आहे. तो पालकांनी आणि गावकऱ्यांनी माहीत करून घ्यावा.

एका तुकडीत साधारण १०० विद्यार्थी असतात आणि त्यांच्यावर एक प्राध्यापक 'कार्यक्रम अधिकारी' म्हणून असतो. विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम करावयाचे असते. वर्षाच्या १२० तासांपैकी २० तास माहिती व प्रशिक्षणाचे, कॉलेजच्या आवारातील कामाला जास्तीत जास्त ३० तास, आणि उरलेले ७० तास समाजात, म्हणजे वस्तीवर किंवा गावात. याशिवाय सात दिवसांचे विशेष शिबिर असते. तुकडीतील निम्म्या, म्हणजे ५० मुलामुलींनी त्याला जावे, अशी अपेक्षा असते. शिबिरासाठी कॉलेज एक गाव दत्तक घेते आणि एकदा येऊन जाण्याऐवजी त्या गावाशी काही वर्षे संबंध ठेवते, निदान ठेवावा असा नियमाचा आशय आहे.

सभासदांनी ७० तास हा आकडा विसरू नये. आपल्याला शिबिराचे सात दिवस तेवढे दिसतात. पण वर्षभराचे ७० तासही गावाच्याच वाट्याचे आहेत. ते कुठे जातात, हे विचारण्याचा दत्तक गावाला अधिकार आहे.

योजनेचे ब्रीदवाक्य आहे 'नॉट मी बट यू', म्हणजे 'माझे नव्हे, तुमचे आधी'. बोधचिन्ह कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथाचे चाक आहे. त्यातील आठ आरे दिवसाचे आठ प्रहर, म्हणजे चोवीस तास दाखवतात. पोरांच्या छातीवर जो बिल्ला दिसतो, तो हाच.

सक्ती की स्वेच्छा?

देशमुख समितीच्या वेळचा हा वाद अजून मिटलेला नाही. मेक्सिको देशात विद्यार्थ्याला पदवी हाती पडण्यापूर्वी किमान ४८० तासांची समाजसेवा करावीच लागते. आपल्याकडे सक्ती नाही. मात्र राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रमाणे महाराष्ट्रात २०२३–२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४–२५ पासून संलग्न महाविद्यालयांत जो नवा अभ्यासक्रम आला, त्यात राष्ट्रीय सेवा योजना हा पूरक विषय म्हणून घेता येतो आणि त्याचे श्रेयांक पदवीत धरले जातात. खेळ, योग, एनसीसी, कला असेही पर्याय आहेत. मुलाने यांतून निवड करावयाची.

यात एक फायदा आहे आणि एक धोका. फायदा असा, की पूर्वी 'अभ्यास सोडून उंडारतोय' म्हणून घरची माणसे ओरडत, आता हे कामही अभ्यासच ठरले. धोका असा, की गुणांसाठी हजेरी लावणारे वाढतील. फोटोपुरता खराटा हातात धरायचा आणि फोटो झाला की ठेवून द्यायचा! सेवा कागदावर तासांत मोजता येते, मनापासून केली की नाही हे कागदावर कळत नाही. ते गावाला कळते. म्हणून गावाने डोळे उघडे ठेवले, तर या धोक्याला बराच आळा बसेल.

फसलेले काम आणि साधलेले काम

उगाच गोडवे गाण्यात अर्थ नाही. आपल्याच कार्यक्षेत्रातील एका गावी काही वर्षांपूर्वी शिबिरार्थींनी गायरानात रोपे लावली. महिना कोणता? जानेवारी! पुढे फाल्गुन-चैत्राचे ऊन. पाणी कोणी घालायचे हे ठरले नव्हते, कुंपण नव्हते. वैशाखात आम्ही गेलो तेव्हा खड्डे तेवढे शिल्लक होते आणि त्यांत शेळ्या बसल्या होत्या. दोष कोणाचा? पोरांचा म्हणावा, तर त्यांना शेतीचा महिना कोणी सांगितला नाही. कॉलेजचा म्हणावा, तर सरपंचांनी 'झाडं लावा' एवढेच सांगून सुटका करून घेतली होती. शेतकऱ्याच्या गावात जानेवारीत रोपे लागतात आणि एकही शेतकरी 'अरे थांबा' म्हणत नाही, याची लाज आम्हांलाही वाटली.

सांगण्याचे तात्पर्य, शिबिराच्या कामाचा कस वेळेत आहे. आपल्या सभासदांना महिना कळतो, कॉलेजला कळेलच असे नाही. काही उदाहरणे देतो.

वनराई बंधारा घ्या. रिकाम्या सिमेंटच्या किंवा खताच्या गोण्यांत वाळू-माती भरून, तोंड शिवून, ओढ्यात थरावर थर सांधेमोड करीत रचायच्या आणि फटी मातीने बुजवायच्या. पोरांच्या हातून होणारे आणि गावाच्या उपयोगाचे काम आहे. अडलेले पाणी मुरते, आजूबाजूच्या विहिरींना पाझर टिकतो, जनावरांना पाणी राहते. पण ओढा वाहता असला तरच! पाऊस संपून धार बारीक झाली, की ऑक्टोबर-नोव्हेंबरात बांध पडला पाहिजे. जानेवारीत कोरड्या ओढ्यात रचलेल्या गोण्या म्हणजे नुसती भिंत. तेव्हा हे काम शिबिरात ठेवू नये. वर्षभराच्या त्या ७० तासांतून दोन दिवस दिवाळीच्या आगेमागे मागून घ्यावेत.

मातीचे नमुने घ्या. उभ्या उसात किंवा नुकत्याच खत घातलेल्या रानात नमुना घेऊन उपयोग नाही. पण शिबिर थंडीत असते आणि त्याच वेळी तुटून मोकळी झालेली राने सापडतात. खोडव्याला खत घालण्याआधी त्यांतला नमुना घ्यावा. एकराला आठ-दहा ठिकाणी नागमोडी चालत, पाला-पाचट बाजूला सारून, सुमारे ३० सेंटीमीटर, म्हणजे फूटभर खोल तिरका खड्डा घ्यायचा. खड्ड्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने खरवडून घमेल्यात गोळा करायची. सगळी एकत्र कालवून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असे करीत अर्धा किलो उरली की कापडी पिशवीत भरून नाव व गट नंबर लिहायचा. शास्त्र शाखेची मुले तर हे उत्तम करतील. शेतकी खात्याचा माणूस बरोबर दिला, की सात दिवसांत गावाचे बरेच नमुने निघतील.

पाचटाचे तसेच. एक हेक्टर उसातून साधारण ८ ते १० टन पाचट निघते आणि आपल्यातील कितीतरी जण अजून काडी लावून मोकळे होतात. आम्ही परिपत्रके काढून थकलो. पण शिबिरातल्या पोरांनी एका रानात पाचट सरीत दाबून दाखविले आणि शेजारच्या जळलेल्या रानाशी उन्हाळ्यात ओल ताडून पाहिली, तर लोकांना ते डोळ्यांनी दिसेल. त्यासाठी पोरांनी उन्हाळ्यात पुन्हा एकदा आले पाहिजे. येथेही ते ७० तास कामी येतात.

कोप्यांतील मुले

आता जरा अवघड गोष्ट. आपला ऊस ज्यांच्या कोयत्याने तुटतो ते मजूर बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून चार-सहा महिने येतात. बरोबर लेकरे असतात. आपल्या रानाच्या कडेला कोप्या पडतात आणि त्यांतली सहा-सात वर्षांची पोर धाकट्याला सांभाळीत बसते. आपण रोज बघतो आणि पुढे जातो.

शिबिराच्या मुलांना द्यावयाचे सर्वांत मोलाचे काम आमच्या मते हेच आहे. फार अवघडही नाही. कोप्यांतून फिरून ६ ते १४ वर्षांच्या मुलांची यादी करायची : नाव, वय, गावी कोणत्या शाळेत, कितवीत. ती यादी जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना द्यायची. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे अशा मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळाला पाहिजे, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून तो अडवता येत नाही. पुष्कळ मजुरांना हे ठाऊक नसते. खरे सांगायचे तर आपल्यालाही नसते. त्याहून लहान मुलांची, गरोदर बायांची नोंद आशाताईंकडे द्यायची. मग हंगामभर आळीपाळीने पाच-सहा पोरांनी संध्याकाळी येऊन तासभर अक्षरे-आकडे घ्यायचे.

यात आपले काम काय? मुकादमाशी बोलणे आपले. टोळीची पाळी सांभाळून वेळ ठरविणे आपले. आणि 'कशाला नसती उठाठेव' असे म्हणणाऱ्याला गप्प करणे, हेही आपलेच.

फुकटची मजुरी नव्हे

काही गावांत शिबिर म्हणजे पन्नास फुकटचे मजूर, अशी समजूत आहे. ग्रामपंचायतीचे बिल निघालेले गटारकाम, कुणा पुढाऱ्याच्या वस्तीचा रस्ता पोरांकडून करून घेतल्याचे ऐकिवात येते. हे बरोबर नाही. ज्या कामाची मजुरी मिळू शकते ते काम मजुरी लागणाऱ्या माणसाचे आहे, ते पोरांनी करून त्याच्या पोटावर पाय देऊ नये. योजनेचा पहिला हेतू विद्यार्थ्याचे शिक्षण हा आहे. खोदलेला चर हे साधन झाले. आपले सभासद १९७२ चा दुष्काळ विसरलेले नाहीत. त्यानंतर १९७३ साली या योजनेने देशभर शिबिरांचा विषयच 'दुष्काळाविरुद्ध युवक' असा ठेवला होता. त्या पिढीतले शिबिरार्थी नंतर कोणी तलाठी झाले, कोणी डॉक्टर, कोणी मास्तर. खेडे एकदा जवळून पाहिलेला माणूस खुर्चीवर बसला, की समोर आलेल्या शेतकऱ्याशी चार शब्द बरे बोलेल, एवढी आशा तरी धरावी.

आणि शिबिराचे खरे गुरुजी कोण? दुपारी बौद्धिकाला येणारे वक्ते आहेतच, पण त्याहून मोठे गुरुजी आपण. विहिरीला पाणी कधी आटते, बियाणे कसे निवडावे, कर्जाचा हप्ता कसा जुळवावा, हे पुस्तकात सापडत नाही. संध्याकाळी दोन-दोन पोरे घरोघर पाहणीला येतात तेव्हा त्यांना दारातून वाटेला न लावता, बसवून घेऊन चहा पाजावा आणि खरे आकडे सांगावेत. 'सगळं बरं हाय' असे उत्तर देणाऱ्या घरातून कोणी काही शिकत नाही.

मुलींना पाठवावे का?

आता त्या सभासदांच्या प्रश्नाकडे येतो. मनातली खरी धास्ती वेगळीच होती, हे आम्ही ओळखले. सात रात्री मुलगी घराबाहेर राहणार! बापाने काळजी करावी यात गैर काही नाही. आम्ही त्यांना म्हणालो, काळजी असेल तर विचारा. मुलींची राहण्याची सोय स्वतंत्र आहे का, महिला प्राध्यापक मुक्कामाला असतात का, संडास-न्हाणीची व्यवस्था काय, दवाखाना किती लांब, हे कार्यक्रम अधिकाऱ्यांना विचारणे पालकाचा हक्क आहे. उत्तरे समाधानकारक असतील तर खुशाल पाठवा, नसतील तर आधी सोय करा म्हणा. पण मुलाला पाठवायचे आणि मुलीला नाही, असा भेद करू नका. उद्या तीच सभासद होणार, तीच सभेत उठून बोलणार. पन्नास अनोळखी माणसांत सात दिवस काम केलेल्या मुलीची जीभ सभेत अडखळत नाही.

आणि 'खेड्यातली पोर खेड्यात कशाला?' याचे उत्तर असे, की आपले खेडे आपण बघत नाही, आपण नुसते त्यात राहतो. दुसऱ्याचे गाव प्रश्न विचारीत फिरून आल्यावर आपले गाव दिसू लागते.

मुलगी शिबिराला गेली. पुढे पंधरा-वीस दिवसांनी ते सभासद वजनकाट्यावर भेटले. "काय म्हणते पोरगी?" आम्ही विचारले. म्हणाले, "तिथं त्यांनी गावातल्या सगळ्या विहिरी मोजल्या म्हणं. आल्या दिवशी मला विचारलं, आबा, आपल्या विहिरीला पाणी किती हात? मी म्हटलं, असंल की भरपूर. तर दोरीला दगड बांधून स्वतः मोजलं, वहीत लिवलं. आता दर रविवारी मोजतीय. पाणी उतरतंय ओ साहेब, मला ठावंच नव्हतं. पुढच्या लागणीला थोडं क्षेत्र ठिबकवर घ्यावं म्हणतोय."

यंदाही शिबिरे पडतील. ज्या गावांना ती हवी आहेत त्यांनी दिवाळीपूर्वी ग्रामसभेत दोन कामे ठरवावीत, दोनच. त्यांचा महिना, लागणारे साहित्य आणि शिबिर गेल्यावर ते काम कोण सांभाळणार त्या माणसाचे नाव, एवढे लिहून गटऑफिसात द्यावे. जवळच्या महाविद्यालयाशी गाठ घालून देणे आणि शेतकी खात्याचा माणूस बरोबर देणे, हे आम्ही पाहू. सांभाळणाऱ्याचे नाव मात्र कोरे ठेवू नये.

— संपादक मंडळ